रिजायना की सॅस्कटून: घर घेण्याआधी खालची माती

तुम्ही लिहिलेल्या परिस्थितीचा सारांश असा: तुम्ही दोघे सध्या ब्रॅम्प्टनमध्ये भाड्याच्या घरात राहता, दोघेही पर्मनंट रेसिडेंट आहात आणि कॅनडाच्या ऑंटारियो प्रांतात घर घेणे आवाक्याबाहेर गेले आहे. तुमचे काम घरून चालते, पत्नी नर्स असून तिला सॅस्कॅचवान प्रांतातील रिजायना आणि सॅस्कटून या दोन्ही शहरांत नोकरी मिळण्यासारखी आहे, मुलगी सहा वर्षांची आहे आणि नाशिकहून आईवडील दर वर्षी काही महिने राहायला येणार आहेत. हाताशी 60,000 डॉलर आहेत आणि घराची किंमत 4 लाख डॉलरच्या वर जाऊ द्यायची नाही. या दोन शहरांपैकी घर कुठे घ्यावे आणि कुठल्या शहरातील घराची किंमत पुढे जास्त वाढेल, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी देतो. किंमतवाढीच्या अंदाजावर या प्रांतात घर घेऊ नये. येथील अर्थव्यवस्था पोटॅश, युरेनियम, तेल आणि धान्य यांच्या जागतिक भावांबरोबर वरखाली होते. 2006 ते 2008 या काळात सॅस्कटूनच्या किमती एवढ्या झपाट्याने चढल्या की भाड्याने राहणाऱ्यांची झोप उडाली होती, आणि 2014 नंतर तेलाचे भाव कोसळले तेव्हा दोन्ही शहरांतील, विशेषतः रिजायनातील, किमती कित्येक वर्षे जागच्या जागी रेंगाळल्या किंवा थोड्या उतरल्या. टोरंटोच्या परिसरात राहून घर म्हणजे दर वर्षी फुगणारी ठेव अशी जी सवय मनाला लागते, ती इकडे येताना तिथेच सोडून यावी.

आता पहिला प्रश्न. मी मूळचा परभणीचा. तेथे सिव्हिल इंजिनिअर म्हणून काही वर्षे इमारतींच्या पायाची कामे केली आणि गेली चौदा वर्षे सॅस्कॅचवानात घरतपासणीचा व्यवसाय करतो, म्हणजे एखादे घर कोणी विकत घेण्यापूर्वी त्याचे छत, भिंती, घर गरम ठेवणारी भट्टी, नळ, वायरिंग आणि मुख्य म्हणजे बेसमेंट तपासून लेखी अहवाल देतो. राहायला मी रिजायनात आहे आणि काम दोन्ही शहरांत करतो. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण पुढे कुठे माझे झुकते माप दिसले तर त्याचे कारण तुमच्या लक्षात येईल.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ‘रिजायना की सॅस्कटून’ असा नाहीच. ही दोन शहरे तुम्हाला वाटतात त्यापेक्षा एकमेकांसारखी आहेत. 2021 च्या जनगणनेनुसार रिजायना शहराची लोकसंख्या 2,26,404 आणि सॅस्कटूनची 2,66,141 होती, आणि महामार्ग क्रमांक 11 ने दोघांमधील अंतर सुमारे 260 किलोमीटर, म्हणजे अडीच तासांचे आहे. प्रांत एकच असल्यामुळे आरोग्य योजना, गाडीचा विमा, घर नावावर करण्याचे शुल्क, प्रांतिक विक्रीकर हे सगळे सारखेच आहे. थंडीही सारखीच आहे. सॅस्कटून उत्तरेला असल्याने एखाद-दोन अंशांचा फरक पडतो, पण उणे 35 च्या पुढे तो कोणाला जाणवत नाही. खरा फरक तीन ठिकाणी आहे: पोटापाण्याचे साधन, किंमत आणि जमिनीखालची माती. पहिल्या दोहोंविषयी तुम्ही बरीच माहिती काढलेली दिसते. तिसऱ्याचा तुमच्या प्रश्नात उल्लेखही नाही, आणि मी सुरुवात तिथूनच करणार आहे, कारण पहिल्या दोन गोष्टींचा हिशेब तिच्याशिवाय पुरा होत नाही.

रिजायना शहर एका नाहीशा झालेल्या तळ्याच्या तळावर वसले आहे. हिमयुगाच्या अखेरीस वितळणाऱ्या बर्फाचे पाणी येथे साचून एक विस्तीर्ण सरोवर तयार झाले होते आणि त्याच्या तळाशी अतिशय बारीक चिकणमातीचा जाड थर बसला. सरोवर गेले, सपाट मैदान उरले. ही माती विदर्भ-मराठवाड्यातील आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीची चुलत बहीण आहे. दोहोंची जन्मकथा वेगळी, आपली बेसॉल्टच्या झिजेतून आलेली आणि ही बर्फाने दळून आणलेली, पण फुगणाऱ्या खनिजांचे प्रमाण दोन्हींत भरपूर. पाणी मिळाले की फुगते आणि कोरडी पडली की आकसते. परभणीकडे मे महिन्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला रिजायनाच्या बेसमेंटमध्ये काय चालते ते समजावून सांगावे लागत नाही. मी येथे आलो तेव्हा भाषा, थंडी आणि रस्त्यांचे नियम सगळे परके होते. ओळखीची निघाली ती फक्त माती.

महाराष्ट्रात आपण या मातीवर बांधताना एक तर खाली मुरमापर्यंत जातो किंवा तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, वापरतो, आणि साध्या घरांना बेसमेंट करण्याच्या भानगडीत पडत नाही. कॅनडात मात्र दंव जमिनीत खोलवर उतरत असल्यामुळे पाया तसाही खाली न्यावा लागतो, मग तेवढ्या खोलीत बेसमेंट करून घेण्याची रीत पडली. म्हणजे घराचा सर्वांत खालचा मजला चहूबाजूंनी फुगणाऱ्या मातीत गाडलेला. माती बाजूने दाबते तेव्हा काँक्रीटची भिंत आत वाकते आणि तिच्या मध्यावर आडवी भेग पडते. माती खालून फुगते तेव्हा बेसमेंटची फरशी मधोमध उचलली जाते. तिच्यावर उभे असलेले लोखंडी खांब वरच्या तुळईला रेटतात आणि वरच्या मजल्यावरील दारे अडकू लागतात. या खांबांना येथे टेलिपोस्ट म्हणतात. त्यांना स्क्रू असतो आणि दर वर्षी-दोन वर्षांनी तो थोडा फिरवून घर पुन्हा पातळीत आणायचे असते. रिजायनात घर चालवणाऱ्या माणसाला हे काम दारापुढचे बर्फ काढण्याइतकेच नित्याचे आहे, आणि बाहेरून आलेल्याला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून रिजायनातील घर पाहताना भेग आहे का हे विचारू नका, भेग असणारच. भेग कसली आहे, ती अजून हलते आहे का, आणि घरमालकाने तिचे काय केले आहे, हे पाहा. उभी केसासारखी भेग बहुधा काँक्रीट सुकताना पडलेली असते आणि तिच्यातून पाणी येत नसेल तर ती निरुपद्रवी असते. आडवी भेग आणि तिच्याबरोबर आत आलेली भिंत हे गंभीर दुखणे आहे. भिंतीला लोखंडी तुळया लावून आधार दिला असेल तर घाबरून पळून जाण्याचे कारण नाही. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आराखड्याप्रमाणे झाले का, त्याचा परवाना काढला होता का आणि त्यानंतर भिंत स्थिर आहे का, याची कागदपत्रे मागा. माझ्या अनुभवात नीट दुरुस्त केलेले आणि कागद असलेले घर हे ‘आमच्याकडे कधीच काही झाले नाही’ असे सांगितल्या जाणाऱ्या घरापेक्षा बरे निघते.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी शहराच्या दक्षिण भागातील 1960 च्या दशकातले एक घर तपासायला गेलो. बेसमेंट नुकतेच नवे केलेले होते: पांढऱ्या भिंती, छतात दिवे, जमिनीवर नवे कोरे लॅमिनेट, सगळे कसे चकचकीत. घेणारे जोडपे आपल्याकडचेच होते आणि घरावर खूश होते. मी खिशातली गोटी जमिनीवर ठेवली. ती भिंतीकडे निघाली आणि थांबलीच नाही. मग मी आतल्या भिंतीच्या तळाशी पाहिले. येथे बेसमेंटमधील आतल्या लाकडी भिंती वरून टांगल्यासारख्या बांधून खाली काही सेंटिमीटर मोकळी फट ठेवतात, म्हणजे फरशी उचलली तरी भिंत वरच्या मजल्याला रेटत नाही. या घरात ती फट नव्हती, भिंती थेट फरशीवर टेकवल्या होत्या आणि टेलिपोस्ट सुंदर लाकडी खोक्यांत बंद करून टाकले होते. म्हणजे ज्याने हे नूतनीकरण केले त्याला एक तर माती ठाऊक नव्हती किंवा ठाऊक असून घर विकून मोकळे व्हायचे होते. त्या जोडप्याने इंजिनिअरला बोलावले, बाहेरच्या भिंतीवरचे जिप्सम उघडण्याची परवानगी मागितली, विक्रेत्याने ती नाकारली आणि व्यवहार तिथेच संपला. तपासणीचे काही शे डॉलर गेले, एवढेच.

नव्या वस्त्यांतील, उदाहरणार्थ नैऋत्येच्या हार्बर लँडिंगमधील किंवा आग्नेयेच्या ग्रीन्स ऑन गार्डिनरमधील, बरीच घरे पाइलवर उभी आहेत आणि जाहिरातीत तसे ठळकपणे लिहिलेले असते. हा खरोखरच फायदा आहे, पण पुरता समजून घ्या. पाइल भिंतींना आणि तुळयांना धरून ठेवतात. बेसमेंटची फरशी मात्र पुष्कळदा मातीवरच ओतलेली असते आणि ती फुगायची तेव्हा फुगतेच. कथीड्रल आणि लेकव्ह्यूसारख्या जुन्या, झाडीच्या भागांतील घरे देखणी आहेत, पण तेथे मोठमोठी झाडे पायाजवळचे पाणी शोषून घेतात आणि त्या बाजूची माती आकसून घर एका कोपऱ्याने खचते. गंमत म्हणजे या उघड्या मैदानावरची जवळपास सगळी झाडे माणसांनी हाताने लावलेली आहेत.

सॅस्कटूनचे तसे नाही. तेथे एकच एक माती नाही. शहराच्या काही भागांत बर्फाने आणून दाबलेला वाळू, खडे आणि चिकणमातीचा घट्ट मिश्र थर आहे आणि त्यावर पाया छान बसतो. काही भागांत गाळ आणि चिकणमाती आहे, काही ठिकाणी वाळू. सरासरीने पाहिले तर पायाच्या तक्रारी मला तेथे रिजायनापेक्षा कमी आणि सौम्य आढळतात. सॅस्कटूनचे दुखणे पाण्याचे आहे. साउथ सॅस्कॅचवान नदी शहराच्या मधून वाहते, काही वस्त्यांत भूजलाची पातळी उंच आहे, आणि ओल्या वर्षांत पूर्वी कधी पाणी न पाहिलेल्या बेसमेंटमध्येही पाणी शिरते. म्हणून तेथे मी पहिल्यांदा संप पंप शोधतो, म्हणजे बेसमेंटच्या खड्ड्यात बसवलेला, साचलेले पाणी बाहेर फेकणारा पंप. तो चालतो का, वीज गेली तर त्याला बॅटरी आहे का, आणि सांडपाण्याच्या नळाला उलटे पाणी रोखणारी झडप आहे का, हे विचारायचे. शेवटची गोष्ट विमा कंपनीही विचारेल. गटाराचे पाणी उलटे येण्याविरुद्धचे संरक्षण बहुधा वेगळे घ्यावे लागते, आणि ज्या पत्त्यावर आधी दावे झाले आहेत तेथे ते महाग तरी पडते किंवा मिळत तरी नाही. ऑफर देण्यापूर्वी विमा दलालाला पत्ता देऊन विचारा. फुकटात मिळणारी ही फार मोलाची माहिती असते.

नदीकाठच्या घरांविषयी एकच वाक्य: पूर्व काठावरील नटाना भागात 2012 मध्ये उतार सरकला होता, तेव्हा काठावरचे देखणे घर 4 लाखांत मिळत असेल, जे सहसा मिळत नाही, तर आधी भूतंत्रज्ञाला, म्हणजे जमिनीची पारख करणाऱ्या इंजिनिअरला विचारा आणि मग रिअल्टरला, म्हणजे घरांच्या दलालाला.

आता किमतीकडे येऊ. सारख्या आकाराचे, सारख्या वयाचे घर सॅस्कटूनमध्ये साधारणपणे महाग पडते. फरक वस्तीनुसार बदलतो, पण तो हजार-दोन हजारांचा नसून काही दहा हजारांचा असतो. हा आकडा मासिक हप्त्यात उतरवून पाहिला म्हणजे डोके शांत राहते. व्याजदर 4.5 टक्के आणि मुदत 25 वर्षे धरली, तर कर्जातील प्रत्येक 10,000 डॉलरमागे महिन्याचा हप्ता सुमारे 55 डॉलरने वाढतो. म्हणजे 50,000 डॉलरचा फरक महिन्याला सुमारे 275 डॉलरचा झाला. उलट बाजूला, रिजायनात पाया सरळ करणे, भिंतींना आधार देणे, बाहेरून खणून जलरोधक थर देणे अशी कामे एकत्र निघाली तर खर्च सहज पाच आकड्यांत जातो, आणि तो हप्त्याने नव्हे तर रोख द्यावा लागतो. रिजायनाची स्वस्ताई खोटी नाही, पण ती पुरती तुमची नाही. तिच्यातला काही भाग माती पुढेमागे परत मागते. तुम्ही रिजायनात घेतलेत तर किमतीतील फरकापैकी निदान निम्मी रक्कम पायासाठी राखून ठेवलेली असावी, असा माझा आग्रह असतो. ती लागली नाही तर उत्तमच. फरकाच्या पैशातून मोठे घर घेणे किंवा नवी गाडी घेणे, ही चूक मी अनेक घरांत पाहिली आहे.

हातातल्या 60,000 डॉलरचा हिशेब सांगतो, कारण येथेही एक बारीक खाच आहे. समजा घर 3,80,000 डॉलरचे आहे. 20 टक्के भरायचे तर 76,000 लागतील, तेवढे तुमच्याकडे नाहीत, आणि त्याहून कमी भरले तर कर्जाचा विमा घ्यावाच लागतो. 10 टक्के, म्हणजे 38,000 भरले तर कर्ज 3,42,000 चे, त्यावर 3.1 टक्के विमा हप्ता म्हणजे 10,602 डॉलर. हा हप्ता कर्जात मिळवता येतो. पण सॅस्कॅचवानात त्यावर 6 टक्के प्रांतिक विक्रीकर लागतो आणि तो, या उदाहरणात सुमारे 636 डॉलर, कर्जात मिळवता येत नाही. ताबा घेताना रोख द्यावा लागतो. घर नावावर करण्याचे प्रांताचे शुल्क किमतीच्या 0.4 टक्के, म्हणजे 1,520 डॉलर. ऑंटारियोतील हस्तांतरण कर याच किमतीवर 4,175 डॉलर झाला असता, जरी पहिल्या घरासाठी त्यातला बराचसा परत मिळतो. वकील, तपासणी, विमा, ट्रक भरून सामान आणणे हे सगळे धरून तुमच्या हातात 12,000 ते 15,000 डॉलर उरावेत. ते उरत नसतील तर घर महाग आहे, मग बँकेने कितीही मंजूर केलेले असो.

पहिले घर घेणाऱ्यांसाठीचे करमुक्त बचत खाते तुम्ही दोघांनी अजून उघडले नसेल तर या आठवड्यात उघडा. वर्षाला 8,000 आणि एकूण 40,000 डॉलर प्रत्येकी, अशी मर्यादा आहे, पण ती खाते उघडल्यापासूनच मोजू लागतात. नुसते पर्मनंट रेसिडेंट झाल्याने मागच्या वर्षांची मर्यादा मिळत नाही.

पोटापाण्याच्या बाबतीत बरेच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तेथे माझा शब्द शेवटचा नाही. रिजायना ही प्रांताची राजधानी. सरकारी खाती आणि वीज, गॅस, टेलिफोन, वाहनविमा या सरकारी महामंडळांची मुख्यालये तेथे आहेत, शिवाय तेलशुद्धीकरण आणि पोलाद. सॅस्कटूनमध्ये 1907 मध्ये स्थापन झालेले सॅस्कॅचवान विद्यापीठ, त्याच्याभोवतीचे संशोधन, खाणउद्योगांची कार्यालये आणि प्रांतातील मुख्य बालरुग्णालय आहे. पत्नीला लहान मुलांच्या किंवा अतिविशेष विभागात काम करायचे असेल तर सॅस्कटूनचे पारडे उघडच जड होते. इतर विभागांत 2017 पासून सगळा प्रांत एकाच आरोग्य प्राधिकरणाखाली आल्यामुळे एका शहरातून दुसऱ्यात बदली घेणे ही अशक्य गोष्ट राहिलेली नाही. तुमच्या कामाविषयी मात्र मला काळजी वाटते. घरून काम हे मालकाच्या मर्जीवर असते. उद्या त्यांनी टोरंटोला परत बोलावले, तर तुम्हाला दुसरी नोकरी शोधावी लागेल किंवा घर विकावे लागेल. माहिती-तंत्रज्ञानाच्या नोकऱ्या दोन्हीकडे आहेत, रिजायनात मुख्यतः सरकार आणि महामंडळांत, सॅस्कटूनमध्ये खासगी कंपन्या आणि विद्यापीठाभोवती. पहिल्या ठिकाणी भरती सावकाश पण नोकरी टिकाऊ, दुसऱ्या ठिकाणी उलट, असे माझ्या ओळखीच्या मंडळींचे सांगणे आहे.

याच कारणासाठी कर्ज घेताना व्याजदराइतकेच मुदतीआधी कर्ज मोडण्याचा दंड कसा मोजतात ते विचारा. भारतात फ्लोटिंग गृहकर्ज केव्हाही फेडता येते, म्हणून आपण हा प्रश्न विचारायला विसरतो. येथे पाच वर्षांचे स्थिर दराचे कर्ज दुसऱ्या वर्षी मोडले तर दंड हजारो डॉलर होऊ शकतो, आणि वेगवेगळ्या संस्थांची मोजणी वेगवेगळी असते. नवे घर घेताना तेच कर्ज त्या घरावर नेण्याची सोय आहे का, हेही लेखी पाहावे.

आईवडिलांचा विचार करून घराचा प्रकार ठरवा. या मुद्द्याकडे लोक फार उशिरा वळतात. दोन्ही शहरांत ‘बाय-लेव्हल’ नावाची घरे पुष्कळ आहेत. दार उघडले की चौकात उभे राहून सहा-सात पायऱ्या वर किंवा तेवढ्याच खाली, मधे काहीच नाही. बेसमेंटला उजेड चांगला मिळतो म्हणून ही घरे तरुण जोडप्यांना आवडतात, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला हिवाळ्यात जाड बूट काढून त्या पायऱ्या चढायच्या म्हणजे रोजची शिक्षा. 1960-70 च्या दशकांतले सरळ बंगलो, ज्यांत तीन खोल्या आणि न्हाणीघर मुख्य मजल्यावर असते, ते तुमच्या कुटुंबाला जास्त सोयीचे. तुमच्या बजेटमध्ये असा नीट राखलेला बंगलो रिजायनातील व्हिटमोर पार्क, हिल्सडेल, ॲल्बर्ट पार्क या भागांत शोधता येईल आणि सॅस्कटूनमध्ये लॉसन हाइट्स किंवा सदरलंड परिसरात. सॅस्कटूनच्या स्टोनब्रिज, एव्हरग्रीन, ब्रायटन या नव्या वस्त्यांत 4 लाखांत बहुधा टाउनहाउस किंवा अर्धे जोडघर पदरात पडेल. आईवडिलांना बेसमेंटमध्ये ठेवण्याचा बेत असेल तर झोपण्याच्या खोलीची खिडकी आग लागल्यावर माणूस बाहेर पडू शकेल एवढी मोठी हवी, आणि स्वतंत्र स्वयंपाकघर असेल तर ते परवान्याने केलेले हवे.

बेसमेंटचाच विषय निघाला म्हणून रेडॉनही सांगतो. हा जमिनीतून येणारा, वास नसलेला किरणोत्सारी वायू आहे आणि कॅनडात धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण मानला जातो. सॅस्कॅचवानातील घरांत त्याचे प्रमाण पुष्कळदा राष्ट्रीय मर्यादेच्या, म्हणजे घनमीटरला 200 बेकरेलच्या वर आढळते, आणि यात दोन्ही शहरे आली. खात्रीची मोजणी हिवाळ्यात निदान तीन महिने चालते, त्यामुळे घर घेण्यापूर्वी ती करता येत नाही. घेतल्यावर पहिल्याच हिवाळ्यात करा. प्रमाण जास्त निघाले तर फरशीखालून हवा खेचून बाहेर सोडणारा पंखा बसवतात. खर्च काही हजार डॉलर, म्हणजे हे घर नाकारण्याचे कारण नव्हे, पण राखीव रकमेत त्याची जागा असावी. तसेच दोन्ही शहरांच्या जुन्या भागांत रस्त्यापासून घरापर्यंतचे पाण्याचे नळ शिशाचे असू शकतात. मुलगी लहान आहे, तेव्हा नगरपालिकेला पत्ता देऊन विचारून घ्या. 1980 च्या दशकातल्या घरांत राखाडी प्लॅस्टिकचे पॉली-बी नळ दिसले तर विमा कंपनी कुरकुर करेल हेही धरून चला.

शाळा, बाजार, हिंदू मंदिर, भारतीय किराणा या बाबतींत मी दोहोंत निवड करणार नाही. मराठी कुटुंबे दोन्हीकडे आहेत आणि गणपतीला लोक अडीच तास गाडी चालवून एकमेकांकडे जातात. नव्या वस्त्यांत घरे आधी होतात आणि शाळा मागून येतात, एवढे मात्र लक्षात ठेवा. जवळ शाळा दिसली म्हणजे तिच्यात जागा आहे असे नव्हे.

एवढे सगळे वाचून तुम्ही म्हणाल, सांगा तर खरे कुठे घ्यायचे. पत्नीला सॅस्कटूनमध्येच मिळणारे काम हवे असेल, किंवा तुम्हाला घराच्या देखभालीत लक्ष घालण्याची अजिबात हौस नसेल, तर सॅस्कटून घ्या, थोडे लहान घर घ्या आणि संप पंपाकडे लक्ष ठेवा. पत्नीचे काम दोन्हीकडे सारखेच असेल आणि वर्षातून दोनदा बेसमेंटमध्ये उतरून भेगांवर पेन्सिलीने तारीख लिहिणे, पन्हळीचे पाणी पायापासून दोन मीटर लांब सोडणे, कोरड्या उन्हाळ्यात घराभोवतीची माती अधूनमधून ओली ठेवणे हे तुम्ही करणार असाल, तर तुमच्या आकड्यांना रिजायना जास्त झेपते. तुमचा हप्ता कमी राहील आणि उद्या तुमची नोकरी गेली तरी पत्नीच्या पगारावर घर चालू शकेल. तुमच्या पत्रातील आकडे पाहता मी दुसरा पर्याय निवडेन. मात्र त्या घराला गेल्या काही वर्षांतला इंजिनिअरचा अहवाल हवा. तो नसेल तर ऑफरमध्ये तपासणीच्या अटीबरोबर इंजिनिअरच्या पाहणीची अटही घालून घ्या, आणि त्यासाठी निदान दहा दिवस मागा. रिअल्टर म्हणेल की एवढ्या अटी घातल्या तर घर हातचे जाईल. एखादे जाईलही.

शक्य असेल तर उन्हाळ्यात घरे पाहायला येऊ नका. जुलैमध्ये दोन्ही शहरे सुरेख दिसतात, रिजायनात वस्काना तळ्याकाठी आणि सॅस्कटूनमध्ये नदीकाठी माणूस हरखून जातो आणि बेसमेंटही कोरडी ठणठणीत असतात. मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या सुरुवातीला, बर्फ वितळत असताना या. त्या दोन आठवड्यांत पाणी कुठे वाहते, कुठे साचते, कुठला पंप दर पाच मिनिटांनी चालू होतो आणि कुठल्या भिंतीला ओल येते ते कोणालाही लपवता येत नाही. येताना एक चांगला टॉर्च, एक गोटी आणि आईच्या उंचीचा विचार करून पायऱ्या मोजायला एक टेप खिशात ठेवा.